दुसऱ्या टोकाचं शून्य

त्या सकाळी धुकं असं पडलं होतं की स्टँडवरच्या गाड्या डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखाव्या लागत होत्या. नंबरवाले काका मैलाच्या दगडापुढे गोणपाट टाकून बसले होते. दगडाला दव सुटलं होतं. ओल्या दगडावर ऑइल पेंट धरत नाही, हे रंगाच्या डब्यावर कुठं लिहिलेलं नसलं तरी छत्तीस वर्षांत काकांच्या बोटांना पाठ झालं होतं. म्हणून ते फडक्यानं दगड पुसत, जरा थांबत, पुन्हा पुसत. लहान पोराचं नाक पुसावं तसं.

हा रस्त्याचा पहिला दगड. त्याच्या एका अंगाला शून्य, म्हणजे येणाऱ्याचा रस्ता संपला. दुसऱ्या अंगाला चार हजार दोनशे बारा, म्हणजे जाणाऱ्याचा सुरू झाला. तो इतके किलोमीटर दक्षिणेला जाऊन एकदाचा समुद्राला टेकतो. तिथल्या गावाला नाव होतं, पण दगडावर नावापुरती जागा नसायची आणि ट्रकवाले त्याला नुसतं ‘शेवट’ म्हणायचे. “कुठं निघालास?” “शेवटाला.” ऐकणारा दचकायचा, बोलणारा गिअर टाकायचा.

रस्ते खात्यात काकांकडे पहिले चाळीस दगड, मधले पूल, मोऱ्या आणि वळणांच्या पाट्या होत्या. नवीन भरती झालेले पत्र्याचा साचा लावून, वर ब्रश फिरवून मोकळे होत. काका हातानं काढत. आणि या धंद्यात एक गोष्ट न शिकवता शिकली जायची, की दुसऱ्याच्या दगडाला ब्रश लावायचा नाही. तो पडला, झडला, कुत्र्यानं भिजवला, तरी ज्याचा दगड त्यानंच बघायचा.

दगड एकदाचा कोरडा झाला तसं काकांनी काळा रंग ढवळला आणि शून्याला हात घातला. शून्य सगळ्यात अवघड. बाकीच्या आकड्यांना शेपूट असतं, चूक शेपटात लपवता येते. शून्याला शेपूट नाही. कुठं सुरू झालं आणि कुठं मिटलं हे कळलं नाही, तर ते शून्य.

डावीकडून खाली उतरताना हात थरथरला. चहाची बशी गेलं वर्षभर थरथरत होतीच, पण ब्रश आजवर त्यातून वाचला होता. काकांनी टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तेवढा भाग पुसला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पुन्हा उतरले. या खेपेला जमलं. साधारण जमलं.

मागून पावलं वाजली. बायको चहाचा गडू घेऊन आली होती. कमरेला पट्टा, चाल बेतानं.

“धुकं उतरेपर्यंत दम निघत नव्हता का?”

“उद्यापासून मी रिटायर, साहेब विचारणार नाही मला. आजच काय ते.”

तिनं वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच शून्य बघितलं. “पोट सुटलंय याचं.”

“धन्यावर गेलंय.”

ती हसली नाही. तिची नजर शून्यावर नव्हती, मनगट धरलेल्या हातावर होती.

*

चौतीस वर्षांपूर्वी, लग्नाला आठवडा झाला असेल नसेल, ती याच दगडापाशी डबा घेऊन आली होती. नवरा काय काम करतो हे तिला बघायचं होतं. माहेरी सांगितलं होतं, सरकारी खात्यात आहे. खात्यात म्हणजे असा उन्हात, दगडासमोर बसलेला असेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

“हे एवढं कशाला लिहिलंय?” तिनं चार हजार दोनशे बाराकडे बोट केलं.

“तेवढं लांब आहे ते. तिथं असाच दगड आहे. त्याच्यावर आपला आकडा असणार, आणि दुसऱ्या अंगाला शून्य.”

“ते शून्य कोण काढतं?”

काकांना हे कधी सुचलंच नव्हतं. “असेल कुणीतरी. माझ्यासारखाच.”

“आपण बघायला जाऊ.”

नव्या नवरीला नाही म्हणायची पद्धत नसते. काका हो म्हणाले, आणि तिथं घोटाळा झाला, कारण ही बाई विसरणारी नव्हती. मुलगी झाली, तिची शाळा झाली, लग्न होऊन ती परगावी गेली. त्या सगळ्या वर्षांत जेवताना केव्हाही विषय निघायचा. त्याच्या मिशा कशा असतील. त्याची बायको त्याला काय म्हणत असेल. तिकडं समुद्राचा वारा, मग रंग किती टिकत असेल. उरलेल्या रंगानं काकांनी तिच्या स्वयंपाकघरातले डबे लिहून दिले होते, मीठ, साखर, डाळ, सगळे एका उंचीत, दगडावरच्या वळणात. त्यांच्याकडे बघत ती म्हणायची, “त्याच्याही घरात असे डबे असतील, नाही?”

ठरलं होतं, रिटायर झालं की दोघांनी जायचं.

रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली असताना तिच्या कमरेचा मणका सरकला. चालणं चालेल, उभं राहणं चालेल, बसणं वीस मिनिटं. मग पाय बधिर. डॉक्टरांनी गाडीचं नाव काढलं तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता टेबलावरच्या प्लास्टिकच्या मणक्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून घरात शेवटाचा विषय बंद. कुणी बंद केला नाही, आपला आपण झाला.

आणि आता त्या धुक्यातून घरी आल्यावर काका हात धुवेपर्यंत तिनं भावाला फोन लावला होता. हा तिचा धाकटा भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा. त्याचं तोंड कधी मिटत नसे, म्हणून शाळेतल्या पोरांनी त्याचं नाव ‘हॉर्न’ ठेवलं होतं.

“शाळेला सुट्टी लागली की व्हॅन घेऊन ये. यांना शेवटाला न्यायचंय.”

काका टॉवेल घेऊन दारात उभे. “कुणाला?”

“तुम्हाला.”

“आणि तू?”

“मी इथल्या शून्यापाशी थांबते. कुणीतरी थांबायला नको का?”

“कंबर बरी होईल तुझी. सहा महिन्यांनी, वर्षानं...”

“कंबर होईल तेव्हा होईल. तुमचा हात थांबणार आहे का माझ्या कमरेसाठी?” तिनं टॉवेल काढून घेतला. “ते कोण काढतं एवढं बघून या. आणि त्याच्या हातापाया पडा, काहीही करा, पण एकदा तुमच्या हातानं काढून या. हात अजून ऐकतोय तोवर.”

दुसऱ्याच्या दगडाला ब्रश लावत नाहीत, असं काका म्हणणार होते. पण ते तिलाही माहीत होतं. चौतीस वर्षं तिनं दुसरं ऐकलं काय होतं?

*

व्हॅनच्या मागच्या सीटा काढून तिथं गादी टाकली. काकांनी पिशवीत दोन ब्रश, पांढऱ्याचा एक डबा, काळ्याचा एक आणि टर्पेंटाइनची बाटली घेतली. मेहुण्यानं बिनबाह्यांचे सहा बनियन घेतले. दक्षिण म्हणजे ऊन, असा त्याचा हिशेब. बहिणीनं न विचारता दोन स्वेटर कोंबले.

“भाऊजी, ताईचं काय, उगीच ओझं.”

सहाव्या दिवशी, दक्षिणेची थंडी लागायला लागल्यावर, त्यानं त्यातला एक चढवला आणि सबंध दिवस बहिणीचं नाव काढलं नाही.

रस्ता काका दगडांवरून वाचत होते. चाळिसावा दगड मागे पडला आणि पहिल्यांदाच आयुष्यात परक्या हाताचे आकडे लागले. “हा डावखुरा दिसतोय,” ते म्हणायचे. “हा बघ, घाईत होता. घरी कुणी आजारी असणार.” दोनेकशे दगडांवर एकाचं आठ इतकं देखणं होतं की व्हॅन थांबवून काका उतरून बघून आले. मेहुण्याला दगड म्हणजे दगड.

“भाऊजी, लोक डोंगर बघतात, नद्या बघतात.”

“बघ की मग. मी कुठं धरलंय तुला?”

पुढचा आकडा बघून झाला की काका मान वळवून दगडाची पाठ बघत. पुढचा उतरायचा तसा मागचा चढायचा. दिवसभर हे चाललेलं. मान आखडली.

“अहो, गाडी पुढे चाललीय,” मेहुणा म्हणायचा. “घर काय आपल्या मागे पळत येतंय होय?”

संध्याकाळी जिथं मुक्काम तिथून फोन. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं, म्हणून ती स्टँडपर्यंत चालत जायची आणि दगडाला टेकून बोलायची.

“किती राहिले?”

“तीन हजार पाचशे चौसष्ट.”

“लिहून घेते. जेवलात? तो फार बोलतोय का?”

“झोपेतसुद्धा.”

शेतं संपली, गवत लागलं, गवतही विरळ झालं. सातव्या दिवशी दुपारी काका अचानक म्हणाले, “थांबव.”

उजाड माळ होता. लांबवर एक पाण्याची टाकी आणि तिच्या सावलीत चार गाढवं. दगडावर दोन हजार एकशे सहा. काका उतरले, पाठीमागे गेले. तिथंही दोन हजार एकशे सहा.

चार हजारांवर दगडांच्या या ओळीत दोन्ही अंगांना एकच आकडा असलेला हा एकटाच. मागच्या अंगाचा रंग उडाला होता, सहाचं नुसतं पोट उरलं होतं. पिशवी व्हॅनमध्ये होती, ब्रश होते, रंग होता. काकांची बोटं आपोआप चिमटीत आली. त्यांनी हात खिशात घातले.

“लावा की एक हात,” मेहुणा म्हणाला. “कोण बघतंय, ती गाढवं?”

“माझा नाही तो.”

काका तिथं बराच वेळ उभे राहिले. इथपर्यंत घर जवळ होतं. पुढच्या दगडापासून शेवट जवळ आणि घर लांब. चौतीस वर्षं ज्या टोकाचा ध्यास घेतला ते आता खरंच जवळ येणार होतं, आणि त्यांना कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते की छातीत काहीतरी उलट्या दिशेनं ओढलं जातंय. पण विचारणारा मेहुणा होता, आणि त्यानं विचारलं, “जेवायचं का?”

त्या संध्याकाळी फोनवर तिनं नेहमीचं विचारलं नाही.

“मागच्या बाजूला किती आहे?”

काकांनी सांगितलं. दोन हजार एकशे नव्वद. ती लिहून घेते म्हणाली नाही.

*

शेवटचे साडेतीनशे किलोमीटर फोन लागत नव्हता. झाडं बुटकी झाली, मग एकाच दिशेला वाकलेली, जणू सगळी सुटलेल्या बसमागं पळतायत. दिवस संपता संपेना. वाळूनं रस्ता झाकला होता तिथं मेहुण्यानं दोनदा खाली उतरून फावडं मारलं, आणि काय आश्चर्य, गप्प राहून. आकडे दोनावर आले, मग एकावर. चौदाव्या दिवशी सकाळी रस्ता एका पत्र्याच्या शेडपाशी, बांधलेल्या दोन होड्यांपाशी आणि करड्या समुद्रापाशी येऊन थांबला. थांबला म्हणजे उरलाच नाही.

दगड तिथंच होता. शून्य गोल, गुळगुळीत, कुठं सुरू झालं ते कळू न देणारं. काका त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि बोट न लावता त्याच्याभोवती फिरवलं.

शेडमधून एक बाई आली. पन्नाशीची, अंगात पुरुषी कोट, हातात खरवडायची पट्टी.

“काय पाहिजे?”

“हे शून्य कोण काढतं?”

“का? चुकलंय?”

“नाही नाही. चांगलं आहे.”

“मग चौकशी कसली? मीच काढते.”

काका उठले. गुडघे वाजले. “मी तिकडचा. पहिल्या दगडाचा.”

बाईनं पट्टी कोटाला पुसली, जणू हात मिळवायचा आहे. “चार हजार दोनशे बारा?”

“हो.”

“अगं बाई,” ती म्हणाली. “तुम्हाला मी एकोणीस वर्षं लिहितेय.”

आधी तिचा नवरा लिहायचा. तो गेल्यावर खात्यानं ब्रश तिच्या हातात दिला. खाऱ्या वाऱ्यात रंग वर्षभरच टिकतो, म्हणून दर वर्षी खरवडायचा आणि नव्यानं काढायचा. शेडमध्ये स्टोव्हवर चहा ठेवून तिनं हे सांगितलं, आणि मग काकांनी विचारायच्या आधी तिनंच विचारलं, “तिकडं आहे काय?”

काकांनी कप खाली ठेवला. “स्टँड आहे. बाजूला वजनकाट्याचं दुकान. मागच्या गल्लीत आमचं घर.”

“आणि?”

“सकाळी धुकं असतं. बायको चहा घेऊन येते, दगडापाशी.” ते थांबले. “आता संध्याकाळीही येते. टेकून उभी राहते.”

बाई कप हातात धरून ऐकत होती. डोंगर, राजवाडे ऐकावेत तशी. “आमच्या यांचं फार होतं,” ती म्हणाली, “एकदा जाऊ म्हणून. म्हणायचे, तिथं रस्ता सुरू होतो, इथं नुसता संपतो.”

“तिथंही संपतोच,” काका म्हणाले. “आमच्याकडूनही शून्यच आहे.”

दोघंही हसली. मेहुणा गादीवर घोरत होता.

मग काकांनी हात पुढे केला. तो कपाशिवायही थरथरत होता. त्यांनी सगळं सांगितलं. डबा, चौतीस वर्षं, कंबर. मागायचं मात्र तोंडातून निघेना. “दुसऱ्याच्या दगडाला...” एवढंच म्हणाले.

“जिचा दगड तिनंच सांगितलं तर?” बाई पट्टी घेऊन उठली. “खरवडून देते. पाच महिने आधी झालं तर खात्याला काही कळत नाही. खातं इथं कधी आलंय?”

दुपारी तिनं आपलं ते देखणं शून्य खरवडून काढलं. काकांना बघवेना. पांढरा हात दिला, तो रात्रभर वाळला. सकाळी दव पुसून, थांबून, पुन्हा पुसून झाल्यावर तिनं आपला ब्रश पुढे केला. पिशवीत स्वतःचे होते तरी काकांनी तिचाच घेतला.

डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. वरून सुरुवात केली. उजवी बाजू उतरली, तळ आला, वळला. डावीकडून चढताना वाऱ्याचा झोत आला की हातच हलला, कळलं नाही, पण रेघ बाहेर गेली. काकांनी तशीच वर नेऊन मिटवली आणि बोळ्याकडे हात नेला.

“पुसू नका,” बाई म्हणाली.

“पोट सुटलंय.”

“दिसतंय मला. राहू दे. रस्ता संपला एवढं कळतंय ना येणाऱ्याला? वर्षभर वारा बघून घेईल.”

मेहुण्यानं फोनमध्ये फोटो काढला. दोनदा. एकदा काकांसकट.

“कधी तिकडं आले,” बाई ब्रश धुताना म्हणाली, “तर तुमचं काढू द्याल?”

या, कधीही या, असं काका म्हणणार होते. मग आठवलं की तो दगड आता त्यांचा नव्हता. “चहा नक्की मिळेल,” ते म्हणाले.

*

गावात एकच तारेचा फोन, दुकानात, पिठाच्या पोत्यांमागे. काकांनी मेहुण्याला बाहेर उभं केलं आणि नंबर फिरवला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

“कोण काढतं?”

पोचलात का नाही, जेवलात का नाही, काही नाही.

“बाई आहे एक.”



“बाई? आणि मी चौतीस वर्षं तिला मिशा लावत बसले होते.”

काका पोत्यांकडे बघून हसले.

“तुम्ही काढलंत?”

“काढलं. जरा बिघडलं. डावीकडे.”

“पुसलंत?”

“तिनं पुसू दिलं नाही.”

“शहाणी आहे.” मग जरा थांबून, “समुद्र कसा आहे?”

समुद्र दुकानाच्या दारातून दिसत होता. त्याच्यावर कुठूनतरी ऊन आलं होतं, आणि असं काही काकांनी आजवर बघितलं नव्हतं. “वारा फार आहे,” ते म्हणाले. “तुला सोसला नसता.”

“बरं झालं मग, आले नाही ते.”

“हो.”

चौतीस वर्षांच्या संसारात कोण कधी खोटं बोलतंय हे सांगावं लागत नाही.

“मागच्या बाजूला किती आहे?” तिनं विचारलं.

“तुला माहीत आहे.”

“तरी सांगा.”

काकांनी सांगितलं. चार हजार, दोनशे, बारा. सावकाश, एकेक आकडा वाळू देत.

“या आता,” ती म्हणाली.

*

ते घरी पोचले तेव्हा ती दारात नव्हती, दगडापाशी होती. मेहुण्यानं फोटो दाखवला. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला, बोटांनी ते शून्य मोठं केलं.

“हे तुमचंच,” ती म्हणाली. “ओळखू येतंय.” फोन तिनं लवकर परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वयंपाकघरात आले तर सगळे डबे ओट्यावर ओळीनं मांडलेले. ते नसताना तिनं सोड्यानं घासून काढले होते. इतके चकचकीत की अक्षरं निघून गेली होती.

“मग आता?”

“आता काय. काल शेजारीण चहा करायला आली, मीठ घालून गेली.” तिनं कमरेचा पट्टा आवळला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. “लिहा.”

काकांनी पिशवीतून काळ्याचा डबा काढला, झाकणाच्या कडेला पट्टी घालून उचकटला, काडीनं ढवळला. पहिला डबा फडक्यानं कोरडा केला. मग डाव्या हातानं मनगट धरलं.

“यात काय आहे?”

तिनं झाकण उघडून चिमूटभर जिभेवर ठेवलं.

“साखर,” ती म्हणाली. “मोठं लिहा. उभ्यानं दिसलं पाहिजे.”